उशिरा येणारी बॅट

"ताई, तुमच्या पोरीची बॅट उशिरा यायलीय," मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी मैदानाच्या जाळीला टेकून उभी होते आणि मला त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. बॅट काय बस आहे उशिरा यायला? मी नुसती मान हलवली. मग त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. चेंडू इथे आला, की बॅट इथे पाहिजे. हिची बॅट तेव्हा अजून खांद्यापाशीच असते.

मॅडम म्हणजे मुलीच्या शाळेतल्या पीटीच्या शिक्षिका. मूळच्या मराठवाड्यातल्या, सॉफ्टबॉल खेळत मोठ्या झालेल्या. नेरूळच्या शाळेत नोकरी लागल्यावर त्यांनी क्रिकेटवाल्या मुलांकडून मैदानाचा एक कोपरा भांडून घेतला आणि मुलींचा बेसबॉलचा संघ उभा केला. माझी मुलगी सातवीत असल्यापासून त्या संघात. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत तिची ती जाड, गोल बॅट पाहून लोक विचारायचे, "हे काय? धुणं धुवायला निघालीस का?" ती हसायची. पहिल्या दोन वर्षांत ती इतकी छान मारायची की मला त्या खेळाचे नियमसुद्धा तिच्यामुळेच कळले. चेंडू टप्पा न पडता थेट हवेतून येतो. टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. मारणाऱ्याने होम प्लेट नावाच्या पांढऱ्या रबरी तुकड्याशेजारी उभं राहायचं, चेंडू मारायचा आणि पहिल्या बेसकडे धावत सुटायचं. बाकी सगळं मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

ही गोष्ट ती नववीत असतानाची, म्हणजे फार जुनी नाही. गणपती झाल्यावर खांदेश्वरच्या बाजूला एका मैदानावर शाळांचे सामने झाले आणि त्यानंतर तिचं मारणं हळूहळू बिघडत गेलं. आधी चेंडू मागे उडायचे, मग बॅटला लागायचेच बंद झाले. दिवाळीची सुट्टी संपली तरी तेच. जानेवारीच्या शेवटी जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

"ताकद कमी नाही तिच्यात," मॅडम म्हणाल्या. "पण बॅटचा वेग पडलाय. घरी थोडं करून घ्या. मी सांगते काय करायचं ते."

मी एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. वीस वर्षं तेच काम करतेय. कुणी मला एखादी गोष्ट नीट क्रमाने सांगितली की मी ती तशीच्या तशी करते, हा माझा गुणही आहे आणि, आता कळतं, दोषही. मॅडमनी तीन प्रकारचे स्विंग सांगितले. आधी जड बॅट, मग हलकी काठी, मग स्वतःची बॅट. जड बॅटने अंगाला जोर लावायची सवय होते, हलक्या काठीने हाताला वेगाची. प्रत्येक स्विंग पूर्ण ताकदीने, आणि दोन स्विंगच्या मध्ये श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं. घाईघाईत पन्नास वेळा फिरवण्यापेक्षा दहा वेळा जीव तोडून फिरवलेलं बरं. आणि आधी कंबर वळली पाहिजे, हात मागून. हे शेवटचं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

सोसायटीत जागा नव्हती. पार्किंगमध्ये पहिल्याच संध्याकाळी सेक्रेटरी आले आणि गाड्यांच्या काचांकडे बघत उभे राहिले. मग मी माझ्या माहेरी, सारसोळ्याला जायचं ठरवलं. माझं माहेर कोळ्यांचं. घरासमोर अजून थोडं अंगण राहिलंय, जिथे पूर्वी जाळी वाळत घालायचे. माझ्या वडिलांना, आबांना, खाडीत जाणं बंद करून बरीच वर्षं झाली, पण जुनी जाळी त्यांनी टाकली नाहीत. मी म्हटलं, चेंडू अडवायला काहीतरी बांधायला हवं, तर ते उठले आणि माळ्यावरून एक जाळं काढून आणलं.

"आबा, फाटेल हो ते."

"फाटू दे. मासं तर आता त्यात येत नाय. चेंडू तरी येऊ दे."

दोन खांबांना त्यांनी ते असं ताणून बांधलं की वाऱ्यालाही हललं नाही. हलकी काठी म्हणून प्लंबरने उरवलेला पाइपचा तुकडा घेतला. जड बॅट म्हणून तिच्या जुन्या बॅटला आबांनी शिशाचे तुकडे बांधले, जाळ्याच्या खालच्या कडेला वजनाला लावतात ते, आणि वरून सुतळी इतकी घट्ट गुंडाळली की एकही निसटणार नाही. सगळी तयारी झाली. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी आणि बाकी दिवशी ड्यूटी संपल्यावर पाच वाजता तिला तिथे घेऊन जायला लागले.

पहिल्या दिवशी आबा पायरीवर बसून बघत होते. तिने चार-पाच वेळा बॅट फिरवली. आबांनी मला विचारलं, "ही मारते का माश्या हाकलते गो?"

मुलगी खळखळून हसली. मी हसले नाही. मला काम झालेलं हवं होतं.

खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. मी मोबाइलवर संथ गतीचे व्हिडिओ काढायचे. बॅट निघाल्यापासून चेंडूपर्यंत पोचेपर्यंत किती चित्रं जातात, ते एकेक पुढे सरकवत मोजायचे. पहिल्या आठवड्यात जितकी जायची, त्यातली दोन तिसऱ्या आठवड्यात कमी झाली. दोन चित्रं म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अहो, हे लई झालं!" पाइपचा आवाजही बदलला. आधी तो पाइप तिच्या पाठीमागेच सूं करायचा आणि पुढे येईपर्यंत त्याचा दम संपायचा. मॅडम म्हणायच्या, आवाज पुढे आला पाहिजे, पोटासमोर. डोळे मिटून मी ऐकायचे. एका संध्याकाळी तो आवाज खरंच पुढे आला. सूं नाही, सट्. कोपऱ्यातली मांजर उठून गेली. मुलीनेही थांबून माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?" ती म्हणाली.

जाळ्यासमोर टांगलेला चेंडू ती आता असा मारायची की जाळं पोट फुगवून परत यायचं. मी निश्चिंत झाले. काम झालं होतं.

आणि शनिवारी मैदानावर खऱ्या पिचरसमोर ती उभी राहिली, तर पुन्हा तेच. बॅट उशिरा. एक, दोन, तीन. चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आणि हिची बॅट त्यानंतर. पिचर तिचीच मैत्रीण, काही फार वेगाने टाकत नव्हती. मॅडमनी टोपी काढून पुन्हा घातली.

रिक्षात मी बोलले. नको ते सगळं बोलले. रोज ड्यूटी करून मी उभी राहते, आबा या वयात खांबावर चढतात, आणि तू तिथे जाऊन मन लावत नाहीस. अंगणात येतं ते मैदानावर का येत नाही? लक्ष कुठे असतं तुझं?

ती बाहेर बघत होती. "लक्ष असतं," एवढंच म्हणाली.

"मग?"

जुईनगरच्या पुलापर्यंत मी एकटीच बोलत होते.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. ती सांगितलेलं सगळं करायची, एक स्विंग कमी नाही, पण तोंडातून शब्द नाही. माझा नवरा म्हणाला, "कशाला मागे लागतेस? दहावी आहे पुढच्या वर्षी, सोडेल तर सोडू दे." ती आत अभ्यास करत होती. तिने ऐकलं असणार. बॅट तिने स्वतःहून कपाटाच्या मागे नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा काढली.

मग एका दुपारी हॉस्पिटलमध्ये पेशंट कमी होते. मी डबा खाता खाता शनिवारचा व्हिडिओ काढला. संघातल्या एका मुलीच्या आईने तो काढला होता, बाजूने, संपूर्ण अंग दिसेल असा. मी आतापर्यंत फक्त बॅटकडे बघत आले होते. बॅट कुठे, बॅट कधी. त्या दिवशी का कोण जाणे, मी पायाकडे पाहिलं.

तिचा डावा पाय, म्हणजे पिचरकडचा, पुढे पडायला हवा. अंगणात तो सरळ पुढेच पडत होता. माझ्याकडे त्याचे ढीगभर व्हिडिओ होते, मी लगेच उघडून पाहिले. पण मैदानावर चेंडू पिचरच्या हातातून सुटला की तो पाय बाहेर जात होता, प्लेटपासून लांब, अर्धं पाऊल. त्याच्याबरोबर कंबर आधीच उघडायची, डोकं मागे जायचं. मग हातांना फिरायला काही उरायचंच नाही. बॅटचा वेग कमी नव्हता. बॅट निघतच होती उशिरा, कारण त्याआधी अंगाला दुसरं एक काम होतं.

ते दुसरं काम काय, हे मला कळलं, कारण ते मी रोज बघते. बरगडीला मार लागलेला माणूस एक्स-रेच्या टेबलाशी येतो ना, तो चालतानाच एका बाजूला वळलेला असतो. कोपर अंगाशी. आपण हात लावायच्या आधीच तो सरकतो. कधी कधी दुखणं बरं झालेलं असतं, तरी तो सरकतोच. मी व्हिडिओ थांबवला. चेंडू सुटला होता, आणि माझ्या मुलीचं डावं कोपर बरगड्यांना चिकटलेलं होतं.

डबा तसाच राहिला.

संध्याकाळी आम्ही सारसोळ्याला गेलो, पण मी तिला बॅट हातात घेऊच दिली नाही. आबा देवळाकडे गेले होते. मी तिला पायरीवर बसवलं.

"तुला चेंडू कुठे लागला होता?"

ती इतकी दचकली की मला उत्तर मिळालं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुठे?"

तिने टी-शर्टवरूनच बोट ठेवलं. डावीकडे, छातीच्या खाली, बाजूला. मग तिने सांगितलं. खांदेश्वरच्या सामन्यात. दुसऱ्या शाळेची पिचर उंच होती, मोठी होती, पण तिचा नेम नव्हता. चेंडू सरळ अंगावर आला आणि ही जागची हललीच नाही. हलायचं कसं, ते तिला माहीतच नव्हतं. खूप दुखलं. श्वास आत जाईना. पण अंगाला चेंडू लागला की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, आणि तेव्हा तिन्ही बेस भरलेले असल्यामुळे तिसऱ्या बेसवरची मुलगी पुढे सरकून होम प्लेटवर आली आणि त्यांचा संघ जिंकला. सगळ्या तिच्यावर येऊन पडल्या. त्यात तर आणखीच दुखलं. मॅडमनी विचारलं, बरी आहेस ना, तर ती म्हणाली हो.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला व्हिडिओ आला होता ना त्याचा," ती म्हणाली. "तू टाळ्या पाठवल्या होत्यास."

मला आठवलं. मी ड्यूटीवर होते. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला होता, जिंकल्याचा. मी बघितला होता. चेंडू तिला लागताना मी बघितला होता. आणि मी टाळ्यांची पाच चित्रं पाठवली होती.

"किती दिवस दुखत होतं?"

"दसऱ्यापर्यंत. उजव्या कुशीवर झोपलं की नाही दुखायचं. बाम लावायचे. शिंकताना दुखायचं." मग म्हणाली, "तू रोज मोडलेली हाडं बघतेस. तुला सांगितलं असतं तर तू आधी फोटो काढला असतास आणि मग बेसबॉल बंद."

मी म्हणणार होते, नाही, असं मी केलं नसतं. पण मी केलं असतं. तिने मला बरोबर ओळखलं होतं.

"आता दुखतं?"

"नाही. आता दुखत नाही. पण चेंडू आला की मला वाटतं तिथेच लागणार. मी ठरवते की हलायचं नाही. पाय आपोआप जातो, आई. मी नाही नेत." आणि मग ती रडायला लागली. ते रडणं खरं तर सप्टेंबरपासूनच राहून गेलं होतं. मी तिला जवळ घेतलं, डाव्या बाजूला हात लागणार नाही असं. तेही उगाचच. तिथे आता काहीच दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. हाडांच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि फोटो लिहून दिला. मी एप्रन घालायला वळले, तर माझ्याबरोबर काम करणारी म्हणाली, "तू बाहेर बस. आज तू नातेवाईक."

वीस वर्षांत मी त्या दाराच्या बाहेरच्या बाकावर कधी बसले नव्हते. तो बाक पुढून मोडलाय, हेही मला माहीत नव्हतं. आतून सहकारिणीचा आवाज आला, रोज मी म्हणते तीच वाक्यं. सरळ उभी राहा. हनुवटी वर. श्वास घे. धरून ठेव. बाहेर मीही धरून ठेवला. मशीनचा आवाज झाला. आता सोड, ती म्हणाली, पण माझा सुटायला वेळ लागला.

मला आत जाऊन पडद्यावर बघता आलं असतं. मी गेले नाही. डॉक्टरांनीच बोलावलं. त्यांनी एका बरगडीवर पेनाचं टोक ठेवलं. तिथे एक बारीकशी गाठ दिसत होती, हाड सांधलं की उरते तशी. "तडा होता. भरलाय. छान भरलाय," ते म्हणाले. "कुणी बांधलं नाही, औषध नाही, आणि तरी सरळ जुळलंय. तरुण हाड आहे."

"खेळू दे?"

"खेळू दे की. आता ते हाड बाकीच्यांइतकंच मजबूत आहे."

मी खुर्ची धरली. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा जे दिसलं, ते सांगणं कठीण आहे. एखाद्याने खूप दिवस पोटाशी धरून ठेवलेली पिशवी खाली ठेवावी तसं. तडा होता, हे ऐकून ती घाबरली नाही. उलट म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते!" बिचारीला इतके दिवस स्वतःवरच संशय होता.

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, ताई. मारायला शिकवलं, लागून घ्यायला शिकवलंच नाही."

त्या दुसऱ्याच संध्याकाळी स्वतः सारसोळ्याला आल्या. बॅटकडे त्यांनी बघितलंही नाही. पिशवीतून टेनिसचे चेंडू काढले. अंगावर चेंडू आला तर मागे पळायचं नाही, पुढेही बघत राहायचं नाही. पिचरकडे पाठ करायची. हनुवटी छातीशी, डावा खांदा आत, बॅट खाली. मग चेंडू पाठीच्या मांसावर लागतो, बरगडीवर किंवा तोंडावर नाही. हे सगळं करायला पापणी लवण्याइतकाच वेळ असतो, म्हणून ते अंगाला शिकवावं लागतं, डोक्याला शिकवून उपयोग नाही.

"आता तुम्ही टाका," त्या मला म्हणाल्या.

"मी? तिच्या अंगावर?"

"आईनं टाकला की भीती लवकर जाते."

मला ते पटलं नाही, पण मी टाकला. पहिला लांबून गेला. दुसराही. मुद्दामच. मुलगी ओरडली, "आई, नीट मार ना!" तिसरा तिच्या पाठीवर पट्कन लागला आणि ती हसली. चौथ्याला ती वळली नाही आणि तो दंडाला लागला. पाचव्याला वळली. तेवढ्यात आबा बाहेर आले आणि बघतात तर मी त्यांच्या नातीला चेंडूंनी मारतेय.

"आगो, खुळी झालीस का? पोर हाय ती!"

"शिकवतेय, आबा."

"असलं शिक्षन नको आमाला!" ते मधे येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. त्यांना बाजूला करायला मॅडमना पाच मिनिटं लागली.

मग मुलीने बॅट माझ्या हातात दिली. आता तू उभी राहा, म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती बॅट धरून उभी राहिले, आणि तिने पंधरा पावलांवरून चेंडू टाकायला हात मागे नेला. टेनिसचा चेंडू. मऊ. आणि मी पळाले. पाय आपोआप गेले, मी नेले नाहीत. मागच्या तुळशीवृंदावनाला जाऊन अडखळले. तिघंही हसत सुटले, आबा सर्वांत जास्त. मला मात्र रिक्षातलं माझं एकेक वाक्य आठवत होतं. मन लावत नाहीस. मी तिथेच उभी राहून तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "काय झालं?" तिला खरंच आठवत नव्हतं, किंवा तिने तसं दाखवलं.

आम्ही पुढचे दहा-बारा दिवस हेच केलं. आधी टेनिसचे चेंडू, मग कापड गुंडाळलेले, मग मॅडमनी जरा कडक चेंडू आणले. वळायला येतंय हे अंगाला पटलं, तसा डावा पाय जागेवर राहायला लागला. एकदम नाही. एक दिवस राहायचा, दुसऱ्या दिवशी परत जायचा. मी जमिनीवर खडूने रेघ काढली होती, ती मॅडमनी पुसायला लावली. "तिला पायाकडे बघायला लावू नका. ती चेंडू बघू दे." वेगाचे स्विंगही परत सुरू केले, पण कमी. दिवसाआड. आता जड बॅट, पाइप, तिची बॅट, आणि शेवटी मॅडमनी टाकलेले खरे चेंडू. अंगणात आलेला तो वेग कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता, भीतीच्या मागे रांगेत उभा. पाय राहिला तशी कंबर वळली, कंबर वळली तशी बॅट आली. वेळेवर.

निवडीच्या दिवशी मी रजा घेतली. मैदान मोठं होतं, खूप शाळांच्या मुली होत्या. तिला तीन वेळा बॅटिंग मिळणार होती. पहिल्यांदा ती लागोपाठ तीन चेंडू चुकली आणि बाद झाली. बॅट उशिरा नव्हती, उलट घाईत होती. मी जाळी धरून उभी होते.

दुसऱ्या वेळी पिचरचा हात घसरला. मला इथून दिसलं. चेंडू निघाला तेव्हाच तो आत येतोय हे दिसलं, सरळ तिच्या अंगावर, तसाच. माझ्या तोंडून आवाज निघाला. ती वळली. हनुवटी खाली, खांदा आत, पाठ पिचरकडे, सगळं एका झटक्यात. चेंडू खांद्याच्या मागे लागला, धप्प. तिने बॅट खाली ठेवली, खांदा चोळला आणि पहिल्या बेसकडे गेली. चालत नाही, धावत. शेजारच्या एका आईने "अरेरे" म्हटलं. मी जाळीवर डोकं टेकलं. मला वाटतं, इतके दिवस धरून ठेवलेलं माझं सगळं त्या क्षणीच सुटलं. पुढे ती निवडली जाते की नाही, याचं मला नंतर फारसं काही वाटलं नाही. अंगावर चेंडू आला होता, आणि तिला आता माहीत होतं काय करायचं.

पण सांगायला हवं, कारण ते झालं. तिसऱ्या वेळी पहिलाच चेंडू आत, अंगाच्या जवळून आला. पुन्हा जवळून. मी पायाकडे बघितलं, बघू नये असं ठरवूनही. पाय सरळ पुढे पडला. मग तो आवाज आला, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. चेंडू दोन मुलींच्या मधून खाली खाली जात कुंपणाला लागला. मॅडमनी टोपी हवेत उडवली आणि ती धुळीत पडली. मुलगी दुसऱ्या बेसवर जाऊन थांबली, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, आणि हसत होती.

चार वाजता नावं वाचली. तिचं नाव शेवटून दुसरं आलं. मी नवऱ्याला फोन केला, तर तो आधी म्हणाला, "लागलं तर नाही ना कुठे?" मी त्याला बरगडीचं सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, लागलं, पण नीट लागलं. त्याला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, येताना श्रीखंड घेऊन या.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, मोजे काढून, पाय समोरच्या दांड्यावर. मग तिने स्वतःच टी-शर्टची बाही वर खेचली आणि माझ्याकडे पाठ केली.

"आई, बघ ना. इथे किती सुजलंय. खूप दुखतंय गं."

लालभडक गोल वळ उठला होता, चेंडूच्या टाक्यांच्या खुणांसकट. मी पाण्याची गार बाटली त्यावर धरली. ती "आई गं" म्हणाली आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. पामबीच रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती झोपली होती, डाव्या कुशीवर.